जुन्या कॉमिक्सचा संग्रह: अंक कसा पारखावा आणि भाववाढ कशी ताडावी

सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. त्या अंकाची छापील किंमत १० सेंट होती, आणि त्याची एक चांगल्या अवस्थेतील प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. याच सुपरमॅनचा मृत्यू दाखवणारा ‘सुपरमॅन’चा ७५ वा अंक नोव्हेंबर १९९२ मध्ये आला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या, काळ्या प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेल्या त्या अंकाच्या अनेकांनी चार-चार प्रती घेतल्या आणि पाकीट न फोडता जपून ठेवल्या. तीस वर्षे उलटून गेल्यावरही त्या प्रतींना किरकोळच भाव येतो. जन्माच्या आणि मृत्यूच्या अंकात एवढे अंतर का पडले, हे ज्याला नीट उमगले त्याला भाववाढ ताडण्याची निम्मी विद्या आली, असे मी मानतो.

१९३८ मध्ये कॉमिक्स कोणी जपत नसे. मुले ती घडी घालून खिशात कोंबत, एकमेकांना वाचायला देत, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या तेव्हा घरोघरचे गठ्ठे रद्दीत गेले. त्या पहिल्या अंकाच्या सुमारे २ लाख प्रती छापल्या गेल्या होत्या. आज त्यांपैकी शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. याच्या उलट १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या, त्याही पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांसह, म्हणजे एकाच माणसाने पाचही घ्याव्यात या हिशेबाने. घेणाऱ्यांनी त्या घेतल्या, जपल्या, आणि म्हणूनच त्या दुर्मीळ झाल्या नाहीत. पुढे भाववाढीच्या आशेने चाललेल्या या खरेदीचा फुगा फुटला, दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘एक्स-मेन’ काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तेव्हापासून मी एक साधा नियम पाळत आलो आहे: ‘हा अंक जपून ठेवा, उद्या मोल येईल’ असे सांगूनच जो अंक विकला जातो, तो वाचण्यासाठी घ्यावा, ठेव म्हणून घेऊ नये.

नंतरच्या काळातही भाव चढला तो बहुतेक अशा अंकांचा, ज्यांच्याकडे निघाले त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. ‘टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स’चा पहिला अंक १९८४ मध्ये दोन चित्रकारांनी स्वतःच्या खर्चाने काढला आणि त्याच्या पहिल्या छपाईत तीनेक हजारच प्रती निघाल्या. ‘द वॉकिंग डेड’चा २००३ मधील पहिला अंकही कृष्णधवल आणि अगदी थोड्या प्रतींचा होता. कथा पुढे लोकप्रिय झाली, वाचक लाखांनी वाढले, पण पहिल्या छपाईच्या प्रती होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हणून अंदाज बांधताना ‘हे पात्र किती थोर आहे’ हा प्रश्न मागे ठेवावा आणि ‘चांगल्या अवस्थेतील प्रती किती उरल्या असतील आणि त्या किती जणांना हव्या असतील’ हा प्रश्न पुढे घ्यावा.

मागणीचा विचार करताना पहिली गोष्ट पात्राच्या प्रथमदर्शनाची. एखादे पात्र ज्या अंकात प्रथम दिसते त्याला संग्राहक ‘की इश्यू’ म्हणतात, आणि एखाद्या मालिकेच्या शंभर अंकांना मिळून येत नाही एवढा भाव कधी कधी त्या एका अंकाला येतो. मात्र कोणते दर्शन पहिले मानायचे, हे बाजाराने आपल्या रीतीने ठरवलेले असते. १९७४ च्या ‘इनक्रेडिबल हल्क’च्या १८० व्या अंकात वुल्व्हरिन अगदी शेवटच्या चित्रात डोकावतो, आणि १८१ व्या अंकात तो खऱ्या अर्थाने कथेत उतरतो. तर्काने पाहिले तर १८० वा अंक पहिला ठरायला हवा, पण बाजाराने १८१ व्यालाच मान दिला आणि दोघांच्या भावांत मोठी तफावत आहे. अशा बाबतीत बाजाराशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याची रीत समजून घ्यावी.

दुसरी गोष्ट मागणीच्या आयुष्याची. स्पायडरमॅनचे प्रथमदर्शन घडवणारा १९६२ चा ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक त्या नियतकालिकाचा त्या वेळचा शेवटचा अंक ठरला होता, आज त्याची उत्तम प्रत लाखो डॉलरला जाते, कारण प्रत्येक नव्या पिढीला स्पायडरमॅन आपला वाटत आला आहे. घोडेस्वार आणि बंदुकबाजांच्या वेस्टर्न कॉमिक्सचे तसे झाले नाही. ती वाचून मोठी झालेली पिढी खरेदी करत होती तोवर त्यांना चांगला भाव होता, आणि ती पिढी मागे सरली तशी मागणीही ओसरली. म्हणून पन्नाशीच्या संग्राहकाने स्वतःच्या बालपणीच्या आवडीवर भाववाढीचा अंदाज बांधताना जपावे. आज पंचविशीत असलेली माणसे काय वाचतात आणि काय शोधतात, हे त्याने विचारत राहावे.

चित्रपटांच्या बातम्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. एखादे दुय्यम पात्र पडद्यावर येणार अशी कुणकुण लागली की त्याच्या पहिल्या अंकाचा भाव चढतो, चित्रपट लागेपर्यंत तो वरच राहतो आणि नंतर बहुतेक वेळा खाली येतो. ज्याच्याकडे तो अंक आधीपासून आहे त्याने त्या काळात विकावा. बातमी वाचून घ्यायला धावणाऱ्याला तो चढ्या भावानेच मिळतो. २०२०-२१ मध्ये घरी बसलेल्या लोकांच्या पैशाने जवळपास सगळेच भाव भडकले होते, आणि तेव्हा घेतलेले कित्येक अंक पुढच्या दोन वर्षांत बरेच खाली उतरले.

आता प्रत हातात घेऊन पारखण्याकडे वळतो, कारण नुकसान सर्वाधिक होते ते इथेच. प्रतीची अवस्था ०.५ ते १०.० अशा श्रेणीत मोजतात. २००० साली सुरू झालेली सीजीसी आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या अंक तपासून, श्रेणी देऊन, कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देतात. पेटीवरील क्रमांक कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहावा आणि पेटीच्या कडा उचकटलेल्या नाहीत याची खात्री करावी. सीजीसीच्या पेटीवर निळी पट्टी म्हणजे सर्वसाधारण प्रत, जांभळी म्हणजे दुरुस्ती केलेली आणि हिरवी म्हणजे एखादा ठळक दोष असलेली. या रंगांवर भाव पुष्कळ बदलतो.

पेटीबाहेरचा अंक पाहायचा असेल तर हात धुऊन कोरडे करावेत, अंक सपाट टेबलावर ठेवावा आणि खिडकीतून तिरपा येणारा उजेड त्यावर पडू द्यावा. घडीच्या बाजूला आडव्या बारीक रेघा दिसतात. त्यांतून पांढरा कागद डोकावत असेल तर तेथील रंग तुटला आहे असे समजावे. पिनांभोवती तांबूस गंज आहे का, मधले पान दोन्ही पिनांना धरून आहे का, हे पाहावे. मग मुखपृष्ठ हलकेच उघडून त्याची आतली बाजू तपासावी. बाहेरून कोणी शाईने रंग भरला असेल, तर तो आत झिरपलेला पुष्कळदा तेथेच सापडतो. कडा संशय यावा इतक्या धारदार आणि सरळ असतील तर त्या कापल्या असण्याची शक्यता असते. शेवटी सगळी पाने एकेक करून मोजावीत.

हे मोजणे मी एकदा टाळले. ‘हल्क’च्या १८१ व्या अंकाची एक प्रत मला मिळाली, मुखपृष्ठ इतके टवटवीत होते की आनंदाच्या भरात मी आतली पाने नुसतीच चाळली. घरी आल्यावर वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक चौकोनी खिडकी दिसली. त्या काळात मार्व्हलच्या अंकांत कापून वहीत चिकटवण्यासाठी छोटी तिकिटे छापली जात, आणि कोण्या मुलाने ते तिकीट कात्रीने नेटकेपणाने कापून घेतले होते. विक्रेत्याने ते सांगितले नव्हते. तिकीट नसलेल्या प्रतीला पूर्ण प्रतीच्या मानाने फारच कमी किंमत येते. १९७४-७५ चा मार्व्हलचा कोणताही अंक हाती आला की मी आजही आधी तेच पान उघडतो.

पुनर्मुद्रणांचा सापळाही ओळखून असावा. १९७४ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची मोठ्या आकाराची हुबेहूब आवृत्ती निघाली होती, तिचे बाहेरचे जाड वेष्टन काढून टाकले की आत मूळ मुखपृष्ठासारखेच मुखपृष्ठ दिसते, आणि ती मूळ म्हणून खपवण्याचे प्रकार झाले आहेत. तिला ओळखायला मोजपट्टी पुरते, कारण मूळ अंक सुमारे २६ सेंटिमीटर उंच आहे आणि ही आवृत्ती सुमारे ३४ सेंटिमीटर. छापील किमतीचीही अशीच गंमत आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या अंकावर साधारणपणे ३० सेंट छापलेले असतात, मोजक्या शहरांत चाचणीसाठी ३५ सेंटची प्रत विकली गेली, आणि ती फार मौल्यवान आहे. पण त्याच अंकाच्या पुनर्मुद्रणांवरही ३५ सेंटच छापलेले आहेत, तेव्हा नुसता आकडा पाहून पैसे देऊ नयेत.

जपणुकीबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या कॉमिक्सचा कागद म्हणजे वर्तमानपत्राचाच कागद. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो आणि शेवटी ठिसूळ होतो. आम्लविरहित पुठ्ठा मागे लावून मायलरच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिस्टरच्या, पाकिटात अंक ठेवावा, खोक्यात उभा ठेवावा, उन्हापासून आणि दमटपणापासून दूर ठेवावा. पाकिटाला चिकटपट्टी असेल तर अंक काढण्यापूर्वी ती पूर्ण सोडवून बाजूला ठेवावी. अर्धवट सुटलेली पट्टी मुखपृष्ठाला चिकटून रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन येते.

भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत विचारात घेऊ नये. त्याच अंकाच्या, त्याच श्रेणीच्या मागील पाच-सहा प्रत्यक्ष विक्री पाहाव्यात. ओव्हरस्ट्रीटची भावसूची १९७० पासून निघते आणि माहितीसाठी ती मोलाची आहे, पण छापील सूचीला रोजचा बाजार गाठता येत नाही. श्रेणी लावून घेण्याचा खर्च आणि लिलावाची दलाली आधीच वजा करावी. पुष्कळदा कागदावरचा नफा तेवढ्यातच संपतो. रक्कम मर्यादित असेल तर वीस साधारण अंकांपेक्षा एकच महत्त्वाचा अंक, ४.० ते ६.० या मधल्या श्रेणीतला, पण पाने पूर्ण आणि दुरुस्ती न केलेला, घ्यावा असा माझा सल्ला राहील. असा अंक विकायला काढला की गिऱ्हाईक सहज मिळते.

प्रत्येक खरेदीची नोंद वहीत करावी: अंक, छपाई, श्रेणी, दिसलेले दोष, दिलेली किंमत, आणि भाव वाढेल असे का वाटले याचे कारण एका वाक्यात. वर्षातून एकदा ती कारणे प्रत्यक्ष भावांशी पडताळून पाहावीत. माझ्या वहीत ‘चित्रपट येणार आहे’ असे कारण लिहिलेल्या अंकांसाठी मी आता एक वेगळे पान केले आहे, आणि गेल्या तीन वर्षांत त्या पानावर नवी नोंद पडलेली नाही.