एका व्यक्तीविषयी इतिहासकारांनी काय लिहिले, यावर निबंध लिहिताना

चंद्रपूर-गडचिरोली भागातील अनेक विद्यार्थी निबंधासाठी इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांची निवड करतात. पण बहुतेक निबंधांत त्यांचे चरित्रच पुन्हा सांगितलेले असते. आपला विषय शेडमाके नसून त्यांच्याविषयीचे लेखन आहे, हे पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट करावे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा (आजचे चंद्रपूर) येथे त्यांना फाशी झाली, एवढी पार्श्वभूमी दोन वाक्यांत पुरते.

त्यानंतर मिळालेले लेखन प्रकाशनवर्षाप्रमाणे लावून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: या लेखकाने माहिती कोठून घेतली? १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमागे (गॅझेटियर म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल आहेत, त्यामुळे तेथे हा उठाव सरकारी व्यवस्थेवरील संकट म्हणून येणे स्वाभाविक आहे. स्वातंत्र्योत्तर लेखनात तोच १८५७ च्या लढ्याशी जोडला जातो, तर आदिवासी अभ्यासकांच्या लेखनात गोंड जमीनदारी, जंगल आणि मौखिक परंपरा केंद्रस्थानी येतात. हा बदल नव्या पुराव्यामुळे झाला की लेखकाच्या काळाची गरज बदलल्यामुळे, हे शोधण्यावर निबंधाचा निम्मा भाग खर्च करावा. माझ्या मते खरे संशोधन तेथेच आहे.

जुनी गॅझेटियर इंटरनेटवर वाचता येतात. गावातील वृद्धांकडून ऐकलेली गाणी अवश्य वापरावीत, मात्र कोणी, कोठे आणि केव्हा सांगितले याची नोंद त्याच दिवशी करावी.