कार्यशाळेवर नव्याने रुजू होताय? आधी तोंड बंद ठेवायला शिका

डी.एड. विशेष शिक्षण झालं, भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक हाती आला आणि नोकरी लागली ती कुठल्यातरी तालुक्याच्या गावी, अठरा वर्षांवरच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) पोरांच्या कार्यशाळेवर. अशांसाठी हे लिहिते आहे. आयटीआयच्या शिल्प निदेशकांनीही वाचावं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 19 या मुलांना सर्वसाधारण कौशल्य प्रशिक्षणात सामावून घ्यायला सांगतं, त्यामुळे आज ना उद्या एखादा स्वमग्न पोरगा तुमच्याही बॅचला येणार. स्वमग्नता म्हणजे काय ते सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला पाठ असेल.

रुजू झाल्या झाल्या फायलींचा गठ्ठा समोर येतो. त्यावर फार विसंबू नका. आज पंचविशीत असलेल्या पोरांच्या जुन्या प्रमाणपत्रावर 'मतिमंद' एवढंच दिसलं तर नवल नाही. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हती. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार झाले तेव्हा ती आली. तोवर जो रकाना होता त्यात पोरगं बसवलं गेलं. नव्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए (स्वमग्नता किती आहे ते मोजायची भारतीय मोजपट्टी) मापन करतात, त्यात 40 मुद्दे असतात, टक्केवारी निघते, दिव्यांगाचं कार्ड मिळतं. पोरगं हाताने काय करेल, हे त्यातला एकही मुद्दा सांगत नाही. ते बघायला तुम्हालाच आठ-पंधरा दिवस त्याच्याजवळ गप्प बसावं लागेल. गप्प म्हणजे खरंच गप्प. त्यावर पुढे येतेच.

प्रशिक्षणाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाला सीआरईचे (नोकरीत असताना घ्यायच्या निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे) गुण लागतात म्हणून ऑनलाइन वेबिनार करावे लागतात. करा. पण कॅमेरा बंद ठेवून भाजी निवडत ऐकलेल्या व्याख्यानाने हात तयार होत नाहीत. नागपूरच्या सीआरसीत (दिव्यांगांसाठीच्या सरकारी प्रादेशिक केंद्रात) प्रत्यक्ष बसून शिकायचं काही निघालं, तर पदरचं भाडं घालून जा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या, कामाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या चित्रतक्त्यांच्या पीडीएफ तेवढ्या छापू नका. त्यात गोरं पोरगं सिंकवर हात धुतं. आपल्या पोरापुढे ड्रम आणि मग्गा असतो. मोबाइलने त्याच्याच ड्रमचा, त्याच्याच मग्ग्याचा फोटो काढा, तालुक्याला लॅमिनेट करून आणा.

काम निवडताना मेणबत्त्या, अगरबत्त्या, कागदी फुलं हे सगळं बाजूला ठेवा. दिवाळीच्या स्टॉलवर ओळखीचे लोक दयेपोटी घेतात, मग वर्षभर माल कपाटात. गावाच्या चार-पाच कोसांत रोज कोण कुणाला कशाचे पैसे देतं, ते बघा. वरुड-मोर्शीकडे संत्र्यांची आकारानुसार निवड आणि क्रेट भरणं आहे. कुठे डाळीचं पॅकिंग आहे, कुठे रोपवाटिका. जिनिंगमध्ये काम पुष्कळ, पण तो आवाज आणि हवेत उडणारा कापूस कानाने-त्वचेने हळव्या पोराला सोसेल का, ते आधी स्वतः तासभर आत उभं राहून ठरवा. काम ठरलं की ते वर्षानुवर्षं करणाऱ्या बाईजवळ बसा आणि आपल्या हाताने करून बघा. माझ्या मते नवख्या शिक्षकाचा खरा गुरू तीच. कामाच्या पायऱ्या तिच्या हातात असतात, आपल्या पीपीटीत नसतात.

रोपवाटिकेत पिशव्या भरायचं काम घ्या. काळी पिशवी बोटांत चोळून तोंड उघडायचं, माती-शेणखताचा एक मग्गा टाकायचा, पिशवी जमिनीवर आपटून माती बसवायची, दुसरा मग्गा, वर दोन बोटं जागा सोडायची, ओळीत लावायची. आमच्या एका पोराला हे सुरेख जमायचं. कार्यशाळेत एकही पिशवी तिरपी नाही. त्याला रोपवाटिकेत सोडून मी परत आले आणि दुपारच्या आत मालकाचा फोन: "मॅडम, तुमचा पोट्टा उभाच हाय ना जी. एक पिशवी भरून ओळीत लावली अन् तसाच उभा हाय. काई बोलून नाई राहिला."

तो कोणाची वाट पाहत होता? माझी. मी रोज शेजारी बसून "हं, आता पुढची घे" म्हणायचे. माझ्या लेखी ती मदत होती. त्याच्या लेखी ती कामाची एक पायरी होती: पिशवी लावायची, मॅडम 'पुढची घे' म्हणणार, मग पुढची घ्यायची. मॅडम नाहीत म्हणजे पायरी आली नाही. त्याचं काही चुकलंच नव्हतं, मी शिकवलं तसंच तो करत होता.

या एका गोष्टीत नव्वद टक्के नवे शिक्षक सापडतात असं मला वाटतं, म्हणून जरा लांबण लावते. पुस्तकात याला 'प्रॉम्प्ट'वर, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या सूचनेवर किंवा मदतीवर, अवलंबून राहणं म्हणतात. बोलून दिलेली सूचना काढून घ्यायला सगळ्यात अवघड, कारण ती देताना आपल्यालाच कळत नाही. हात धरून शिकवलं तर मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर असं सरकत सुटता येतं. शब्द निम्मा कसा करणार? म्हणून मदत त्याच्या पाठीमागे राहून करा, चेहऱ्यासमोर बसून नव्हे. समोर बसलात की तो मातीकडे न बघता तुमच्या भुवयांकडे बघतो. अडला तर मनात दहा आकडे मोजा. तरी नाही हलला तर न बोलता पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे बोट करा. जमलं की बोटही काढा, मग एक पाऊल मागे, मग दारात, मग दाराबाहेर. आणि हो, "शाब्बास"सुद्धा! दर पिशवीला शाब्बास म्हणाल तर तो शाब्बासकीसाठी थांबेल. कौतुक ओळ पूर्ण झाल्यावर.

तुमच्या आवाजाची जागा कामाच्या मांडणीने घ्यायला हवी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी 1972 मध्ये सुरू केलेली, स्वमग्न मुलांना शिकवायची 'टीच' पद्धत इथे कामाला येते. पोराला न विचारता चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: काम कोणतं, किती, संपलं कसं कळणार, आणि संपल्यावर काय. आम्ही डाव्या हाताला मोजून ठेवलेल्या रिकाम्या पिशव्या ठेवतो, उजवीकडे चुन्याने आखलेली ओळ. डावीकडचा गठ्ठा संपला, ओळ भरली, की चहाचा फोटो. खर्च चुन्याचा.

हे वाचून घाबरू नका. लागलेली सवय सुटते, मात्र ती लागायला गेला त्यापेक्षा जास्त वेळ जातो. आमच्याही पोराची सुटली.

बाकीचं थोडक्यात. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होते, तेव्हा वेळ बदलल्याने पोरं बिथरतात. आठवडाभर आधीपासून कॅलेंडरवर रोज दाखवा. पोळा, तान्हा पोळा, गावचा बाजार, सगळं त्यावर आलं पाहिजे. लाइट गेली की पंखा बंद होतो, तो आवाज थांबणंही काहींना सहन होत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर पालक कायदेशीर पालकत्वाचं विचारतील. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते. कोणीतरी सांगितलं म्हणून सगळ्यांनी धावायची गरज नाही. ज्याला स्वतःची सही आणि स्वतःचे पैसे समजतात, त्याच्या आईबापाशी आधी शांतपणे बोला.

आणि मजुरीचं. "शिकून तर राहिला, चहा-नाश्ता देतो ना मॅडम," असं मालक गोड आवाजात म्हणतील आणि तुम्हालाही संकोच वाटेल. चार दिवस बघायला म्हणून ठीक. पाचव्या दिवशी दर ठरवा. बाकीच्या बायांना शेकडा पिशव्यांमागे जे मिळतं तेच यालाही, तो कमी भरेल तर कमी मिळेल, पण दर तोच. शेकड्याचा हिशेब या पोरांना सोपाही जातो, ओळी मोजता येतात. पैसे त्याच्या खात्यात किंवा त्याच्या हातात द्यायला सांगा. बापाच्या हातात नको, बाप कितीही चांगला असला तरी.