बेटावरची जाळी वाचायला शिकताना

हवाई बेटं वयाच्या क्रमाने एका रेषेत पसरली आहेत. वायव्येकडचं कवाई सुमारे ५० लाख वर्षांचं. आग्नेयेकडचं मोठं बेट, त्याचंही नाव हवाईच, जेमतेम ५ लाखांच्या आसपासचं, आणि तिथल्या किलाउएया ज्वालामुखीतून आजही लाव्हा येतो. जवळचा खंड गाठायचा तर साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडावा लागतो. इतक्या दूर पोचलेल्या मोजक्या कोळ्यांच्या वंशजांतून बेटाबेटावर नव्या जाती झाल्या. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून बेटांवरच्या कोळ्यांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांना मी आधी हवाईबद्दल वाचायला सांगते.

माझं पीएचडीचं काम तिथल्या टेट्राग्नाथांवर होतं. हे लांब जबड्याचे, सडपातळ कोळी. यांच्या एका शाखेने जाळं विणणंच सोडून दिलं आणि रात्री फिरून शिकार करायला सुरुवात केली. त्यांच्या पायांवर लांब काटे आहेत. त्यात पानांवरचे हिरवे, शेवाळावरचे तांबूस, सालीवरचे मोठे तपकिरी आणि काटक्यांवरचे छोटे तपकिरी असे चार प्रकार दिसतात. कोळ्यांच्या अभ्यासक रोझमेरी गिलेस्पी यांनी २००४ साली दाखवलं की हेच प्रकार वेगवेगळ्या बेटांवर बऱ्याचदा स्वतंत्रपणे पुन्हा घडले आहेत. जातींची संख्या सर्वांत जास्त भरते ती मधल्या वयाच्या माउईवर. नव्या बेटावर अजून जाती घडायच्या आहेत, जुन्यावर काही गळून गेल्या असाव्यात.

मला मात्र जाळं विणणाऱ्या शाखेनेच ओढून घेतलं. टॉड ब्लॅकलेज आणि गिलेस्पी यांनी त्याच वर्षी या जाळ्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. एकाच जंगलातल्या शेजारी जातींची जाळी एकमेकींपासून वेगळी, पण दूरच्या बेटावरच्या वेगळ्याच जातीशी जुळणारी! वागणुकीचे सहसा अवशेष राहत नाहीत. इथे मात्र प्राण्याची वागणूक झाडावर टांगलेली असते आणि फूटपट्टीने मोजता येते. मला यापेक्षा सुंदर विदा (डेटा) कुठेच दिसलेली नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह हा की डीएनएच्या आधी जाळं शिका. आरे किती, चिकट धाग्यांचे फेरे किती, दोन फेऱ्यांत अंतर किती, जाळं उभं की कललेलं, जमिनीपासून किती उंच. जाळ्यावर कॉर्नफ्लॉर हलकं भुरभुरलं की धागे पांढरे उठून दिसतात आणि फोटो चांगला येतो. पण पिठाने चिकटपणा जातो, त्यामुळे भक्ष्य आणि कोळ्याची बैठक आधी नोंदवा, पीठ शेवटी. पावसाळी जंगलात पिठाच्या गुठळ्या होतात, तिथे पाण्याचा बारीक फवारा बरा. सोबत मोजपट्टी धरल्याशिवाय एकही फोटो काढू नका. आणि जात ओळखायला प्रौढ कोळीच लागतो. मादीचे जननअवयव आणि नराचे स्पर्शपाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा सराव जितक्या लवकर कराल तितका चांगला.

हे सगळं रात्रीचं काम आहे. डोक्याला टॉर्च, अंगात रेनकोट, ओल्या शेवाळाची घसरण. घरच्यांना ते आधीच समजावून सांगा, म्हणजे फोन उचलला नाही तर त्यांचा जीव टांगणीला लागणार नाही. परवाने महिनोन्‌महिने आधी मागा. तिथल्या जंगलातल्या ओहिआ झाडांना मारणारी बुरशी पसरू नये म्हणून बूट घासून त्यांवर अल्कोहोल फवारावं लागतं. कंटाळा आला तरी हे चुकवू नका, आपले कोळी त्याच झाडांवर राहतात.

दुसरा आग्रह शून्यांचा. जिथे कोळी सापडला नाही ती फांदीही वहीत लिहा. बेटांच्या परिसंस्थेत कोण नाही यावरच बरंच ठरतं. बहामात थॉमस शोनर आणि डेव्हिड स्पिलर या संशोधकांनी काही चिमुकल्या बेटांवर मुद्दाम सरडे सोडले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तिथे कोळ्यांच्या जाती नाहीशा होण्याचं प्रमाण सरडे नसलेल्या बेटांच्या जवळपास १३ पट होतं. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर उलटं झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने जंगलातले, कोळी खाणारे पक्षी जवळपास संपवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत पावसाळ्यात तिथली जाळी शेजारच्या बेटांपेक्षा ४० पट भरली. रिकाम्या जागा कोणी नोंदवल्याच नसत्या तर असे आकडे निघालेच नसते.

परदेशात पीएचडीच्या प्रवेशासाठी प्राध्यापकांना लिहिताना लांबलचक बायोडेटा आणि ‘मला निसर्गाची आवड आहे’ यावर भिस्त ठेवू नका. त्यांचा एक शोधनिबंध नीट वाचून त्यातून सुचलेला प्रश्न चार ओळींत मांडा. आर ही आकडेमोडीची संगणकभाषा आणि संख्याशास्त्र इथेच शिकून घ्या, तिकडे शिकायला वेळ मिळत नाही.

आणि सरावासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. टेट्राग्नाथा कोकणातल्या भातखाचरांतही जाळी विणतो. भात वाढू लागलं की संध्याकाळनंतर शेतमालकाला विचारून बांधावर जा. एक खाचर पाण्याजवळचं, एक कोरड्या कडेचं निवडा आणि दोन्हीकडची जाळी एकाच पद्धतीने, पीक कापेपर्यंत मोजत राहा. तेवढ्या नोंदींवर एमएस्सीचा प्रकल्प उभा राहतो, आणि अर्जासोबत पाठवायला स्वतःची विदाही हाताशी येते.