केबलच्या दोन्ही टोकांना काय आहे?

साउंडच्या कामाला लागलो तेव्हा सुरुवातीचे कित्येक महिने मी फक्त केबली गुंडाळत होतो. वायर म्हणजे पाइप, इकडून आवाज घातला की तिकडून बाहेर, एवढीच माझी समज.

एका कार्यक्रमाआधी लॅपटॉप मिक्सरला जोडला आणि स्पीकरमधून 'घूंऽऽ' सुरू झालं. मी केबल बदलली. मग आणखी एक. तिसरी तर नवी कोरी होती. सीनियरनी येऊन लॅपटॉपचा चार्जर सॉकेटमधून काढला आणि आवाज थांबला!

लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवरून अर्थिंग घेत होते. केबलच्या शील्डने (आतल्या वायरींभोवतीच्या धातूच्या आवरणाने) ते दोन अर्थ जोडले आणि वेटोळं पूर्ण झालं. त्यात ५० हर्ट्झच्या मेन्सचा थोडासा करंट फिरत होता, तोच आम्हाला ऐकू येत होता. ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल पुढे देणारी, पण दोन उपकरणांचे अर्थ वेगळे ठेवणारी डबी) मध्ये टाकला की हे वेटोळं तुटतं. काही महाभाग प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. ते कधीही करू नका. उपकरणात बिघाड झाला तर माइक धरणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

माइकचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, तर प्रोफेशनल लाइन लेव्हल, म्हणजे मिक्सरसारख्या उपकरणांमधला सिग्नल (+४ डीबीयू; डीबीयू हे सिग्नलच्या व्होल्टेजचं माप), सुमारे १.२३ व्होल्ट. इतका दुबळा सिग्नल लांबवर सुखरूप जातो तो बॅलन्स्ड जोडणीमुळे. एक्सएलआरची (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरची) १ नंबरची पिन शील्ड, २ आणि ३ वर सिग्नल. बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच चढतो, आणि पुढचं सर्किट दोघींमधला फरकच घेत असल्याने तो उडून जातो. सगळी जादू दोन वायरींवरून एकमेकांच्या उलट जाणाऱ्या सिग्नलची आहे, असं मला फार दिवस वाटायचं. खरं तर दोन्ही वायरींचा जमिनीशी असलेला इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये मोजतात) सारखा हवा. एकाच वायरवर सिग्नल असला तरी गोंगाट कटतो.

मला सगळ्यात उशिरा कळला तो इम्पीडन्स. केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) धरा. २० मीटरला झाले २ नॅनोफॅरड. सोर्सचा, म्हणजे सिग्नल देणाऱ्या उपकरणाचा, इम्पीडन्स १० किलोओहम असेल, तर ८ किलोहर्ट्झच्या आसपासच वरचे सूर गळायला लागतात. इलेक्ट्रिक गिटार लांब केबलवर बोथट वाजते ती यामुळे. त्याच लांबीच्या केबलवर २०० ओहमचा माइक लावा, हीच मर्यादा ४०० किलोहर्ट्झवर जाते. म्हणून नव्यांना सांगतो, महागड्या केबलींची चर्चा नंतर करा, आधी ओहमचा नियम आणि व्होल्टेज डिव्हायडर (दोन रोधांमध्ये व्होल्टेज कसं वाटलं जातं ते) वहीत सोडवून बघा.

मल्टीमीटर मात्र पहिल्या पगारात घ्या. कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का ते बीप करून सांगणाऱ्या मोडवर) ठेवून दोन्ही टोकांच्या पिना तपासा: १ ला १, २ ला २, ३ ला ३ लावा. बीप यायला हवा. मग १ आणि २, १ आणि ३, २ आणि ३ यांच्यात बीप नाही ना, तेही बघा. हे करताना केबल कनेक्टरच्या मानेपाशी हलवत राहा, कारण ती बहुतेक तिथेच तुटलेली असते.