जुन्या पिकअपचं ब्रेक ऑइल सारखं कमी होतंय? गळती अशी शोधा

ब्रेक ऑइलच्या डबीतली लेव्हल थोडी खाली गेली म्हणजे लीकच आहे असं काही नाही. डिस्क ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढं ऑइल तिकडे जाऊन बसतं, म्हणून पॅड आधी बघा. पण पुन्हा पुन्हा टॉपअप करावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय हे नक्की, आणि ते सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

डबी पुसून मॅक्सपर्यंत भरा, झाकणावर डॉट ३ किंवा ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) जे लिहिलंय तेच टाका, आणि बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. मग इंजिन चालू ठेवून एकाला मिनिटभर पेडल दाबून धरायला सांगा आणि तुम्ही पाइप, जॉइंट, चाकांच्या आतल्या बाजू बघत फिरा. पेडल हळूहळू खाली बसतंय, पण लेव्हल तीच आणि बाहेर सगळं कोरडं, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पाइपांत ढकलणारा भाग, आतून गेलाय.

पिकअपमध्ये माझा पहिला संशय मागच्या ड्रमवर. गाडी जॅकवर घेतली तरी खाली स्टँड लावाच, ड्रम काढा आणि व्हील सिलिंडरचं (ड्रमच्या आत लायनर दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट हलकेच उचला, आतून ऑइल ओघळलं की चोर सापडला. लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) भिजले असतील तर दोन्ही बाजूंचे बदला, पुसून चालत नाही. इथे एक घोळ नेहमी होतो, ॲक्सलचं सील गेलं की गिअर ऑइलही ड्रममध्येच येतं, पण ते घट्ट असतं आणि गंधकासारखा वास मारतं, ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्याने धुतलं जातं.

चाकं कोरडी निघाली तर चासीवरून मागे जाणारा लोखंडी पाइप बघा, क्लॅम्पखाली चिखल साठून तिथेच गंजतो, आणि ॲक्सलवरचा रबरी होज वाकवून चिरा बघा. काही गाड्यांत क्लचही याच डबीवर चालतो, तिकडचं सिलिंडर विसरू नका.

कुठेच ओलं नाही आणि लेव्हल तरी उतरतेय? मग मास्टर सिलिंडरचे नट काढून, पाइप न सोडता, तो बूस्टरपासून, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या त्याच्या मागच्या गोल डब्यापासून, जरासा पुढे ओढा. मागे ओलं दिसलं तर ऑइल बूस्टरमध्ये जातंय, कधीकधी ते इंजिनात ओढलं जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूरही येतो.

पार्ट बदलल्यावर ब्रेकच्या पाइपांत अडकलेली एअर काढा, डबीवर लेव्हलला टेप लावा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा.