'इनव्हॅलिड इनपुट' काढा, नेमकं कारण सांगा

उद्यमनगरातल्या वर्कशॉपात दिवसभर एंट्र्या मारणारा अकाउंटंट तुमच्या सॉफ्टवेअरच्या फॉर्मात 'इनव्हॅलिड इनपुट' एवढाच एरर मेसेज वाचून काय करणार, तुम्हालाच फोन लावणार की.

तर आधी मेसेजच्या वाक्याला हात लावू नका, कोड उघडा. बऱ्याच ठिकाणी चेकिंगचं फंक्शन नुसतं ट्रू नाहीतर फॉल्स देतं, म्हणजे का अडलं ते तिथंच हरवतं आणि स्क्रीनवर दाखवायला हातात काही उरतच नाही. फंक्शनमधनं कारण बाहेर काढा: फील्ड कुठलं, नियम कुठला मोडला, काय आलं, काय पाहिजे होतं.

मग नियम सुटे करा. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या ब्रँचचा कोडच घ्या, एकूण ११ कॅरेक्टर, पहिली ४ अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची ६ ब्रँचची. हे सगळं एकाच रेजेक्समध्ये (मजकुराचा साचा तपासायच्या सूत्रात) कोंबलं की उत्तर एकच, 'चुकीचा कोड', आणि समोरचा चेकबुक डोळ्याजवळ नेऊन तेच परत टाकत बसतो. लांबी वेगळी, पाचवं वेगळं तपासलं तर म्हणता येतं: 'पाचव्या जागी शून्य हवं, तुम्ही इंग्रजी ओ टाकलाय.' ओ चं शून्य परस्पर करायला हरकत नाही असं वाटेल, पण पैशाचा मामला आहे, दुरुस्त करून दाखवा आणि विचारा.

जीएसटी नंबरचंही तसंच. १५ पैकी पहिले २ राज्याचे, आपल्या महाराष्ट्राचे २७, पुढचे १० म्हणजे पॅन. फॉर्मात पॅन वेगळा घेतला असेल तर दोन्ही ताडून बघा आणि 'जीएसटी नंबरातला पॅन वर दिलेल्या पॅनशी जुळत नाही' एवढं सांगा, काम झालं.

काही ठिकाणी मेसेजच नको. मागंपुढं स्पेस आली तर गुपचूप काढा. पिनकोड मराठी आकड्यात आला तर बदलून घ्या, कारण अंक पकडायचा रेजेक्समधला शॉर्टकट जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी आकडे घेतो आणि पायथन ३ मध्ये मराठी पण चालतात, मग फ्रंटएंड (स्क्रीनवरचा भाग) नको म्हणतंय, बॅकएंड (सर्व्हरवरचा भाग) हो म्हणतंय, असला घोळ.

मेसेज फील्डच्या खालीच दाखवा, नुसती लाल बॉर्डर नको, रंग सगळ्यांना दिसतोच असं नाही. सगळ्या चुका एकदम सांगा आणि भरलेला फॉर्म पुसू नका राव!

लॉगिनला मात्र उलटं, यूजरनेम चुकलं का पासवर्ड ते सांगायचं नाही, नाहीतर घुसू बघणाऱ्याला अर्धं उत्तर मिळतं. मोडलेल्या नियमाचं नाव लॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत) टाका म्हणजे फोन आला तरी शोधता येतं, पासवर्ड तेवढा लॉगमध्येही नको.