जबडा दुखतोय की उंदीर झोपलाय? प्रयोगातल्या या चुका टाळा

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं की हलतो तो जबड्याचा सांधा, म्हणजे टीएमजे. उंदराच्या या सांध्यात सीएफए, म्हणजे तेलात घोटलेले मेलेले क्षयाचे जंतू, टोचून सूज आणायची आणि वागण्यावरून दुखणं मोजायचं, एवढाच आमचा प्रयोग. परळच्या आमच्या लॅबमध्ये त्याने माझी दोनदा फजिती केली.

पहिली फजिती व्हॉन फ्राय फिलामेंटची. नायलॉनचा हा तंतू गालावर टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि उंदीर डोकं मागे घेतो का ते बघायचं. नुसती सूज असलेला गट मी मे महिन्यात मोजला, औषध दिलेला गट जुलैत. जुलैतले उंदीर जास्त दाब सहन करत होते. औषध लागू पडलं म्हणून मी खूश! मग कुणीतरी सुचवलं, एकदा तंतू वजनकाट्यावर दाबून बघ. ४ ग्रॅमचा तंतू काटा ४ वर पोचायच्या आधीच वाकत होता. नायलॉन दमट हवेत पाणी शोषतं आणि मऊ पडतं. मुंबईच्या पावसाळ्यात एसी बंद असेल तर बोलायलाच नको. उंदीर तसेच, दाबच कमी. म्हणून रोज सकाळी तंतू काट्यावर तपासा आणि खोलीतली आर्द्रता वहीत लिहा. दोन्ही गट एकाच वेळी चालवा, तसं न करणं ही तर माझी मूळ चूक. तंतू समोरून आणू नका. तो दिसला म्हणूनही उंदीर दचकतो.

दुसरी फजिती अ‍ॅनिमल हाउसच्या काकांनी पकडली. दुपारी पिंजऱ्यापुढे बसून 'कमी खातोय' असं मी लिहीत होते. काका म्हणाले, "मॅडम, झोपलेल्याला काय विचारताय जेवलास का म्हणून?" उंदीर निशाचर. त्याचं बहुतेक खाणं रात्री होतं, नऊ ते पाचच्या ड्यूटीत नाही. वर सकाळी उरलेले पेलेट, म्हणजे खाण्याच्या गोळ्या, तोलून भागत नाही. सांधा दुखत असला तरी तो पोटभर खाऊ शकतो, फक्त एकेक जेवण लांबतं. आपणही दाढ दुखताना भाकरी खातोच की, पण ताटावरून लवकर उठत नाही. त्यामुळे ४५ मिलिग्रॅमच्या गोळ्या एकेक करून देणारं, वेळ टिपणारं यंत्र लावा आणि जेवणाची लांबी मोजा. माझ्या मते जबड्याच्या दुखण्यासाठी तंतूपेक्षा हे माप जास्त बोलकं आहे. तंतूने कळतं ते दाबल्यावर दुखतं का. चावताना दुखतं का, हे जेवणातूनच कळतं.

उजव्या सांध्यात सुई आणि डावा सांधा 'नॉर्मल' म्हणून तुलनेला, ही काटकसर करू नका. एक बाजू दुखली की चघळण्याची सगळी लकबच बदलते. सलाइन टोचलेला वेगळा गट ठेवा.

चेहऱ्यावरून दुखण्याला गुण देताना डोळे, नाक-गाल, कान आणि मिशा बघतात. प्रत्येकाला ० ते २. पेंगणाऱ्या किंवा अंग चाटणाऱ्या उंदराचा फोटो घेऊ नका, मिटलेले डोळे म्हणजे वेदना नव्हे. गुण देणाऱ्याला गट माहीत नसावा. पुढच्या पायाने गाल पुसणं आणि मागच्या पायाने खाजवणं एकाच रकान्यात टाकू नका. पहिलं बहुधा दुखण्याचं, दुसरं खाजेचं.

फक्त नर उंदीर घेणं सोयीचं असतं, पण हे दुखणं घेऊन येणाऱ्यांत बायका जास्त. माद्या घ्या, त्यांचं ४-५ दिवसांचं माजाचं चक्र नोंदवा.

गणपतीत ढोल-ताशे वाजत असताना चाचणी लावू नका. घाबरलेल्या प्राण्याला वेदना काही काळ कमीच जाणवते.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्या. माणसाच्या सांध्यापुढचा हाडाचा उंचवटा उंदराला नसतो, त्याचा जबडा मागे-पुढे घसरत कुरतडतो. त्यामुळे 'कट्' आवाज होणाऱ्या, सांध्यातली चकती सरकलेल्या रुग्णाबद्दल या प्रयोगावरून फार बोलता येत नाही.

आणि सुईची जागा! सांधा एवढासा, सुई सहज चघळण्याच्या स्नायूत जाते. आधी मेलेल्या उंदरावर रंग टोचून हात बसवा. चुकलेली सुई ओळखायची कशी आणि तो उंदीर हिशेबातून कधी वगळायचा, हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवा. वजन किती घटलं की प्रयोग थांबवायचा, तेही नैतिकता समितीच्या फॉर्ममध्ये आकड्यात लिहा. आमचा फॉर्म याच रकान्यासाठी परत आला होता.